काटेरी झाड कोणाच्या अंगणात होतं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की प्रवासवेड्यांचा एक कट्टा बंद पडला, यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? दुकानं बंद होतात, मासिकं बंद होतात, एसटीचे मार्गही बंद होतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज रडगाणं गायचं नाही. एखादी गोष्ट बंद होणं हा गुन्हा नव्हे. ती कशी बंद झाली, बंद करण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि जिने ती उभी केली त्या मंडळींच्या हातात शेवटी काय उरलं, हे तपासायचं आहे. परीक्षण पुस्तकाचं करतात, नाटकाचं करतात. आज आपण एका शेवटाचं परीक्षण करू.

कट्ट्याचं नाव ‘थॉर्न ट्री’. मराठीत म्हणायचं तर काटेरी झाड. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासपुस्तकं काढणाऱ्या कंपनीने १९९६ साली तो इंटरनेटवर सुरू केला. नाव आलं केनियातून. नैरोबीच्या स्टॅन्ली हॉटेलात बाभळीच्या कुळातलं एक झाड होतं. येणारे-जाणारे प्रवासी त्याच्यावर चिठ्ठ्या लावून जायचे. अमक्याला सांगा मी पुढे गेलो, तमुक रस्ता पावसाने खचलाय, गाडीत एक जागा रिकामी आहे, असा सगळा मजकूर. झाड म्हातारं झालं तेव्हा तिथेच दुसरं लावलं गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला पुन्हा या झाडाशी यायचं आहे.

अशी झाडं जगात आणखीही होती. इस्तंबूलमध्ये ‘पुडिंग शॉप’ या नावाने ओळखली जाणारी एक खाणावळ आहे. युरोपातून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत भारत-नेपाळकडे निघालेली साठ-सत्तरच्या दशकातली पोरं तिथे थांबायची आणि भिंतीवरच्या फलकावर निरोप ठेवायची. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग मोडला. मार्ग मोडला तसं फलकाचं कामही संपलं. याला आम्ही नैसर्गिक मरण म्हणू. वाटच राहिली नाही, तर वाटेवरच्या निरोपाचं काय करणार?

थॉर्न ट्रीचं मरण त्या जातीचं होतं का, हा आजचा पहिला प्रश्न.

तिथे काय चालायचं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोणीतरी प्रश्न टाकायचा आणि जगाच्या कोपऱ्यातून कोणीतरी उत्तर द्यायचं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. मनाली-लेह रस्ता यंदा कधी उघडेल? हा प्रश्न दरवर्षी यायचा. छापील पुस्तक याचं उत्तर देऊ शकत नाही. पुस्तक फार तर सांगेल, की साधारणपणे उन्हाळ्यात उघडतो. पण कालच केलाँगहून परतलेला माणूस सांगतो, की बारालाच्याजवळ अजून बर्फ आहे, मोटारसायकल नेऊ नका. किंवा थायलंडमधून कंबोडियात शिरताना लागणारी पोईपेटची सीमा घ्या. व्हिसाची ठरलेली फी एक आणि खिडकीतला माणूस मागतो दुसरीच, ही तिथली जुनी कहाणी. त्या रांगेत कोणाशी काय बोलायचं, किती वेळ शांतपणे उभं राहायचं, आणि कुठला टाय घातलेला ‘मदतनीस’ टाळायचा, हे त्या रांगेतून नुकताच गेलेलाच सांगू जाणे.

आता हे साहित्य आहे का? आमचं म्हणणं, हो, आहे. वेगळ्या जातीचं आहे, एवढंच. मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ आपण सगळ्यांनी वाचली आहेत. मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’पासून पुढची पुस्तकं बॅगेत टाकून लोक विमानात बसले आहेत. या सगळ्या लेखनाच्या मध्यभागी लिहिणारा ‘मी’ आहे. मी गेलो, मला असं दिसलं, मला हसू आलं. वाचक त्या ‘मी’च्या मागून चालतो. ते त्याचं सुख आहेच. पण कट्ट्यावरच्या उत्तराच्या मध्यभागी ‘तुम्ही’ असता. उत्तर देणारा आधी उलट विचारतो. किती दिवस आहेत? सोबत कोण आहे? म्हातारी माणसं आहेत का? उंचीचा त्रास होतो का? मग सांगतो. स्वतः पाहिलेलं गाव तो दुसऱ्याच्या गरजेच्या मापाने कापून देतो. लेखक म्हणून मिरवायची सोय त्यात नाही.

दुसरं वैशिष्ट्य दुरुस्तीचं. प्रवासवर्णनात चूक असली तर ती पुढच्या आवृत्तीपर्यंत, बहुतेकदा कायमचीच, राहते. इथे चुकीच्या उत्तराखाली दोन तासांत दुसरा येऊन म्हणायचा, की ती बस आता त्या थांब्यावरून सुटत नाही. तिसरं वैशिष्ट्य तारखेचं. प्रत्येक वाक्याला तारीख होती. आपण कोणाचं, कधीचं वाचतोय हे कळायचं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनोळखी माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवून रात्रीच्या गाडीत बसण्याची हिंमत येते. ही हिंमत त्या कट्ट्याची खरी निर्मिती होती.

पण परीक्षण म्हटलं की दोषही सांगायला हवेत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा रिवाज आम्ही इथे पाळणार नाही.

पहिला दोष असा, की हा कट्टा ‘जगाचा’ म्हणवत असला तरी मुख्यतः इंग्रजी लिहिणाऱ्यांचा आणि पाश्चात्त्य पासपोर्टवाल्यांचा होता. व्हिसा सीमेवरच मिळतो, काळजी नको, या उत्तरातला ‘तुम्ही’ बहुधा ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश असायचा. भारतीय पासपोर्ट घेऊन निघालेल्याला ते वाचून घात व्हायचा. भारताबद्दल भरभरून लिहिलं जायचं, पण त्यात भारत हे बरेचदा पार करायचं संकट असायचं. पोट कसं सांभाळायचं, रिक्षावाल्याला कसं हाताळायचं, दलालाला कसं चुकवायचं. रिक्षावाला त्या संभाषणात कधी बोललाच नाही.

दुसरा दोष स्वस्ताईच्या अहंकाराचा. कोण किती कमी पैशांत राहिला याची चढाओढ असायची. गरीब देशातल्या खानावळीत दहा रुपये वाचवले याचं कौतुक, असं आपल्याला आज वाचताना अवघडायला होतं.

तिसरा दोष जुन्या सभासदांचा. नवा माणूस भीतभीत प्रश्न विचारायचा आणि वरून उत्तर यायचं, आधी जुनं शोधा, हे शंभर वेळा झालंय. आपल्या वाड्यात ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखं. शहाणे असतात, पण वाटेतच बसलेले असतात.

आणि चौथा, सर्वांत अवघड. शांत जागेचा पत्ता सांगितला की ती जागा शांत राहत नाही. हे आपण सह्याद्रीत पाहतोच आहोत. हरिहरच्या त्या कोरीव पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी उभं राहून पाहा. वाट सांगणं हा उपकारही असतो आणि अपकारही. थॉर्न ट्रीवर हा वाद अनेकदा झाला, सुटला कधीच नाही.

एवढे दोष मान्य करूनही आम्ही शेवटाबद्दल तक्रार करणार आहोत. का, ते समजायला मालकीचा इतिहास पाहू.

टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७३ साली ऑस्ट्रेलियात ‘लोनली प्लॅनेट’ सुरू केली. आशियातून खुष्कीने स्वस्तात कसं यायचं, याबद्दलची एक पुस्तिका हे तिचं पहिलं प्रकाशन. कंपनी वाढली ती वाचकांच्या पत्रांवर. हॉटेल बंद झालं, बोटीची वेळ बदलली, असं लोक पत्राने कळवायचे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हायची आणि पुस्तकाच्या अखेरीस पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापली जायची. म्हणजे कट्टा निघण्याच्या आधीपासून या धंद्याचा कच्चा माल वाचकांकडून येत होता. निदान नाव तरी छापत होते.

२००७ साली बीबीसीच्या व्यापारी शाखेने कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, २०११ मध्ये उरलेला घेतला. सगळे मिळून सुमारे १३ कोटी पौंड मोजले. २०१३ साली तीच कंपनी सुमारे ५ कोटी १५ लाख पौंडांना एका अमेरिकी मालकाला विकली. २०२० च्या अखेरीस पुन्हा मालक बदलला. या खरेदी-विक्रीत कट्ट्यावर लिहिणाऱ्या कोणालाही कोणी विचारलं नाही, आणि कायद्याने विचारायची गरजही नव्हती. मालाची किंमत ठरत होती, पण माल आणणारे बाजारात नव्हते.

डिसेंबर २०१२ मध्ये आक्षेपार्ह मजकुराच्या काळजीमुळे कट्टा एकाएकी बंद करण्यात आला होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडला. काळजी खरी असेल. पण त्या दिवशी सगळ्यांना एक गोष्ट समजायला हवी होती: कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच बाजूला आहेत. समजली नाही. दार उघडल्यावर मंडळी परत येऊन बसली. आपणही बसलो असतो.

मग २०२० आलं. करोनात जगाचा प्रवास थांबला. कंपनीने मेलबर्न आणि लंडनची कार्यालयं जवळजवळ बंद केली. कट्ट्यावर नवं लिहिणं थांबवण्यात आलं आणि पुढे तो कायमचा बंद झाला. पंचवीसेक वर्षांचा संवाद.

बंद करण्याच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. ते आपण प्रामाणिकपणे ऐकून घेऊ.

पहिला, लोक दुसरीकडे गेले. समाजमाध्यमांच्या गटांवर प्रश्न विचारले जातात, फोनवर नकाशा आहे, परीक्षणं आहेत. हे खरं आहे. गर्दी आटली होती. पण गर्दी आटल्याने आधी लिहिलेलं खोटं ठरत नाही. नवे प्रश्न न घेणं आणि जुनी उत्तरं नाहीशी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण दुसरीला लावलं जातं, तिथे गफलत होते.

दुसरा, राखण करायला माणसं लागतात. फसवे लोक येतात, जाहिराती येतात, भांडणं होतात, कायद्याची जबाबदारी येते. हेही खरं आहे. तुम्ही कोणी साधा सोसायटीचा गट चालवला असेल तर जाणाल. पण दार बंद करून आतलं नुसतं वाचायला ठेवलं, तर राखणीचा खर्च फार कमी होतो. नवं कोणी लिहीतच नाही, तर भांडणार कोण?

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार वाटतो: माहिती शिळी होते. १९९८ चं बसभाडं २०२१ मध्ये कोणाला हवंय? इथे आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण या युक्तिवादाला बळी पडून चांगली चांगली माणसं मान डोलावतात.

पुन्हा मनाली-लेहचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. रोहतांग कधी उघडतो, यावर लाहौलच्या माणसांचं हिवाळ्यातलं जगणं अवलंबून होतं, ते एका दिवसात बदललं. त्या दिवसापासून रोहतांगबद्दलची जुनी उत्तरं प्रवाशाच्या दृष्टीने शिळी झाली. पण त्याच दिवशी ती इतिहास झाली. बोगद्याआधी त्या वाटेवर माणसं कशी जात होती, कुठे अडकत होती, अडकल्यावर कोण त्यांना चहा देत होतं, रात्री कुठे झोपवत होतं, हे तारीख-वार लिहिलेलं दुसरीकडे कुठे सापडणार? सरकारी अहवालात ‘रस्ता बंद’ एवढंच असतं. भाकरी शिळी झाली की टाकून देतात, मान्य. पण पत्र शिळं होत नाही, ते जुनं होतं. शिळं आणि जुनं यात फरक आहे आणि आपल्या भाषेने तो नीट जपला आहे.

आपल्याकडचा एक दाखला देतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. कर्ज होतं, मथुरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी होती, दक्षिणा मिळेल या आशेने निघाले. वाटेत भेटलेल्या शिपायांकडून पुढे काय वाढून ठेवलंय याची खबर त्यांना मिळाली. तरी ते गेले, आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून आले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापलं, पण भाषेला आणि मजकुराला हात लावून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली गोडसे भटजींचा मूळ पाठ छापता आला. म्हणजे संपादकाने फेरफार केले, तरी कागद कुठल्यातरी कपाटात होता. १९०७ साली कोणी म्हटलं असतं, की पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटा, तेव्हाचे दर, आता आगगाड्या झाल्या, कोणाला हवंय हे? आणि कागद रद्दीत गेला असता, तर?

आता कोणी म्हणेल, गोडसे भटजी कुठे आणि गेस्ट हाऊसमध्ये ढेकूण आहेत का विचारणारा पोरगा कुठे. बरोबर आहे. कट्ट्यावरचं नव्वद टक्के लिखाण सामान्यच असेल, आपण ते मोजलेलं नाही. पण कुठलं दहा टक्के ठेवायचं, हे आज कोण ठरवणार? भटजींनाही कोणी लेखक मानलं नव्हतं.

आणखी एक तुलना करू. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार, कुठेही जा. गाव सांगा, आडनाव सांगा. तीर्थोपाध्याय वही काढतात आणि तुमचे पणजोबा कोणत्या साली, कोणाबरोबर, कशासाठी आले होते ते दाखवतात. प्रवाशांनी स्वतः दिलेल्या नोंदी, कधी स्वतःच्या हातच्या सह्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. का टिकल्या? उपाध्याय मंडळी फार इतिहासप्रेमी होती म्हणून नव्हे. जुनी नोंद हेच त्यांचं भांडवल होतं. पणजोबांची ओळ दाखवली तरच पणतू दक्षिणा देणार. वहीची स्वतःची बंधनं होती, दक्षिणेचे हिशेब होते, तिला भाबडेपणाने डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण एक गोष्ट तिथे नीट बसली होती: जो राखतो, त्याचं पोट जुन्या नोंदीवर होतं.

कंपनीचं पोट नव्या भेटीवर असतं. आज किती जण आले, किती जाहिराती दिसल्या, किती आरक्षणं झाली. जुनी नोंद तिच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला पडते. म्हणून आम्ही या प्रकरणात खलनायक शोधत नाही. वाईट माणसांनी कट्टा बुडवला असं नाही. राखणदाराचं हित आणि ठेवीचं हित वेगळ्या दिशांना होतं, आणि हे आपण पंचवीस वर्षं पाहिलं नाही, ही आपली चूक. आपण वहीत लिहीत होतो, पण वही कोणाची हे विचारलं नव्हतं.

हे एकट्या थॉर्न ट्रीचं झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. ‘व्हर्च्युअल टूरिस्ट’ नावाचा असाच एक जुना, मायेने सजवलेला समुदाय होता. २००८ साली ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’ने तो घेतला, २०१७ मध्ये बंद झाला. अनोळखी प्रवाशाला आपल्या घरातल्या कोचावर झोपायला देणारं ‘काउचसर्फिंग’ हे आधी ना-नफा तत्त्वावर होतं. २०११ साली ते नफ्याची कंपनी झालं आणि २०२० च्या मे महिन्यात सभासदांनाच आत यायला पैसे द्यावे लागू लागले. घर सभासदांचं, कोच सभासदांचा, चहा सभासदांचा, आणि दाराशी पावती फाडायला तिसराच.

मग याला उपाय नव्हता का? होता. तो कोणाला सुचला, हेही सांगतो. ‘विकिट्रॅव्हल’ म्हणून २००३ साली सुरू झालेला प्रवासमाहितीचा एक सामुदायिक प्रकल्प होता. २००६ मध्ये एका कंपनीने तो विकत घेतला. सभासदांपैकी काहींना ते मानवलं नाही. आधी जर्मन लिहिणारे बाहेर पडले, त्यांनी ‘विकिव्हॉयेज’ काढलं. पुढे २०१२ मध्ये इंग्रजीतले पुष्कळ जण निघाले. दोन स्वयंसेवकांवर कंपनीने दावा लावला, तो पुढे मिटला. आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिमीडियाच्या छत्राखाली ‘विकिव्हॉयेज’ रीतसर सुरू झालं. ते आजही चालू आहे.

त्यांना हे कसं जमलं? ते जास्त शूर होते म्हणून नव्हे. पहिल्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक ओळीवर मुक्त परवाना होता. लिहिणाऱ्याचं नाव सांगा, हेच स्वातंत्र्य पुढच्याला द्या, आणि मजकूर कुठेही न्या. त्यामुळे मालकाने नाव ठेवून घेतलं, पत्ता ठेवून घेतला, पण मजकूर उचलून मंडळी दुसऱ्या वाड्यात राहायला गेली. थॉर्न ट्रीवरच्यांना उचलायला काही नव्हतं. ते नंतर इकडेतिकडे पुन्हा भेटले असतील, गप्पा पुन्हा सुरू झाल्या असतील. पण रिकाम्या हातांनी. दोन शेवटांमधला फरक भावनेचा नाही, एका कलमाचा आहे. सभासद होताना जे कलम आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो, त्या कलमाचा.

इथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. सगळंच जपायचं का? विशीत लिहिलेलं चाळिशीत कोणाला नको असेल. कोणी एकटी बाई कुठे, कधी, कशी फिरली याच्या नोंदी कायम उघड्या राहाव्यात का? आक्षेप खरा आहे आणि आम्ही त्याला डावलत नाही. पण नीट पाहा, याचं उत्तरही तेच आहे: ज्याने लिहिलं त्याच्या हातात द्या. ज्याला पुसायचं त्याला पुसू द्या, ज्याला न्यायचं त्याला नेऊ द्या, नाव काढून ठेवायचं तर तसं ठेवू द्या. मालकाने सरसकट ठेवणं आणि मालकाने सरसकट नाहीसं करणं, दोन्हीत लिहिणाऱ्याला विचारलेलं नसतं.

आता हे सगळं लांबच्या देशातलं, इंग्रजीतलं. आपल्याला काय त्याचं? तर ऐका. १९९६ साली थॉर्न ट्री सुरू झाला, त्याच वर्षी ‘मायबोली’ सुरू झाली. २००७ साली ‘मिसळपाव’ आलं. दोन्हीकडे सह्याद्रीतल्या आडवाटांपासून परदेशातल्या वाटांपर्यंत मराठीत जे लिहिलं गेलंय, ते छापील मराठीत फारसं सापडणार नाही. ती ठिकाणं चालू आहेत, चालत राहोत. पण मराठी भटक्यांचा बराचसा रोजचा संवाद आता तिथे होत नाही, तो फोनवरच्या गटांत होतो. पावसाळ्यातल्या दर शुक्रवारी कोणीतरी विचारतो, की भीमाशंकरला खांडसहून शिडी घाटाने जाता येईल का. कोणीतरी जाणकार सांगतो, की पावसात ती वाट नको, गणेश घाटाने जा. सोमवारपर्यंत ते उत्तर दोनशे शुभेच्छांखाली गाडलं जातं. पुढच्या शुक्रवारी दुसरा विचारतो, आणि त्या दिवशी जाणकार गाढ झोपलेला असतो. तिथे बंद व्हायला काही नाहीच, कारण साठलेलंच काही नाही. थॉर्न ट्री पंचवीस वर्षांनी गेला. आपलं ज्ञान दर आठवड्याला जातंय, आणि त्याची बातमीही होत नाही. शिडी घाटासारख्या ठिकाणी हा प्रश्न साहित्याचा नसतो, जिवाचा असतो.

म्हणून शेवटी तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, कुठल्याही सामुदायिक ठिकाणी लिहिण्याआधी ते एक कलम वाचा. आपलं लिहिलेलं आपल्याला परत नेता येतं का, एवढंच पाहा. दोन, जे असे कट्टे चालवतात, नफ्याने किंवा पदरमोड करून, त्यांनी चांगले दिवस असतानाच बंद करण्याची रीत लिहून ठेवावी. किती आधी कळवणार, प्रत कशी देणार, उरलेलं कोणत्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहाकडे सोपवणार. मृत्युपत्र तरुणपणी केलेलं बरं, आजारपणात केलेल्यावर वाद होतात. आणि तीन, गटांतल्या मंडळींनी वर्षातून एकदा तरी बसून निवडक उत्तरं तारखेसकट एकत्र करावीत. दिवाळी अंक काढायची सवय असलेल्या भाषेला हे जड नाही.

आता त्या झाडाकडे परत येऊ. नैरोबीतलं झाडही हॉटेलच्याच अंगणात होतं, रस्त्यावर नव्हतं. मालक तिथेही होता. पण तिथे चिठ्ठी लावणारा ती परत काढून खिशात घालू शकत होता. ज्याच्यासाठी होती तो येऊन घेऊन जाऊ शकत होता. झाड मेलं तरी चिठ्ठी माणसाच्या हातात असायची. इंटरनेटवर नाव झाडाचं घेतलं आणि ही एक सोय तेवढी राहून गेली. आमच्या सगळ्या तक्रारीचं सार एवढंच आहे.

झाड पुन्हा लावता येतं, नैरोबीत लावलंच. यापुढे चिठ्ठी लावाल तेव्हा ती काढून घेता येते ना, हे आधी बघून घ्या. इथे थांबतो. तुमचे प्रश्न ऐकायला आवडेल, आणि आधी जुनं शोधा असं आम्ही म्हणणार नाही.